टेन्शन वेगळे, हायपरटेन्शन वेगळे
चिंताविकार आणि उच्च रक्तदाब यांवरील औषधांविषयी

'टेन्शन' हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की तो परका आहे, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. दहावीच्या परीक्षेचे टेन्शन, गृहकर्जाच्या हप्त्याचे टेन्शन, लोकल चुकण्याचे टेन्शन. त्यामुळे डॉक्टरांनी कागदावर 'हायपरटेन्शन' असे लिहून दिले की, बहुतेक जण त्याचा अर्थ 'फार टेन्शन घेतल्यामुळे होणारा आजार' असाच लावतात. प्रत्यक्षात वैद्यकातील या शब्दातला 'टेन्शन' मनाचा नाही. तो रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर पडणाऱ्या दाबाचा आहे. अत्यंत शांत, हसतमुख, कधीही न चिडणाऱ्या माणसालाही उच्च रक्तदाब असू शकतो आणि रात्र रात्र काळजीने तळमळणाऱ्या माणसाचा रक्तदाब अगदी योग्य असू शकतो.

हा केवळ शब्दांचा घोळ असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण या घोळातून औषधांच्या बाबतीत घातक चुका होतात. 'निवृत्त झालो, मुलीचे लग्न पार पडले, आता कसले टेन्शन?' असे म्हणून रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली जाते. उलट, दाब वाढलेला दिसला की शेजाऱ्याने दिलेली झोपेची किंवा मन शांत करणारी गोळी घेतली जाते. तिसरा प्रकार आणखी वेगळा. छातीत धडधड, हाताला घाम, जीव घाबरा होणे ही चिंताविकाराची लक्षणे 'बीपी'च्या नावावर खपवली जातात आणि मूळ विकारावर वर्षानुवर्षे उपचार होतच नाहीत.

या दोन्ही आजारांचे आपल्या देशातील प्रमाण लहान नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने २००८ ते २०२० या काळात झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत २० वर्षांवरील ३५.५ टक्के व्यक्तींमध्ये उच्च रक्तदाब आढळला. बंगळूरच्या 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत दहापैकी सुमारे एका प्रौढ व्यक्तीला मानसिक विकार असल्याचे दिसले आणि निरनिराळ्या विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. साहजिकच, दोन्ही आजार एकाच व्यक्तीत असणे ही दुर्मिळ गोष्ट नाही. अशा व्यक्तीने औषधे कशी घ्यावीत, कोणती काळजी घ्यावी, याचा विचार येथे केला आहे.

चिंतेत शरीरात काय घडते?

भीती किंवा काळजी वाटली की मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात मिसळते. हृदय वेगाने व जोराने धडधडू लागते, अनेक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. संकटात पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे. संकट टळले की काही मिनिटांत दाब पूर्वपदावर येतो. ही वाढ म्हणजे आजार नव्हे.

उच्च रक्तदाब या आजारात मात्र दाब मन शांत असतानाही, बसून वर्तमानपत्र वाचत असतानाही चढलेला असतो. वाढते वय, आनुवंशिकता, लठ्ठपणा, आहारातील मीठ, मद्यपान, व्यायामाचा अभाव आणि कधी कधी मूत्रपिंडाचे किंवा ग्रंथींचे विकार ही त्याची कारणे आहेत. दीर्घकाळच्या चिंतेचा आणि उच्च रक्तदाबाचा संबंध अनेक अभ्यासांतून दिसून आला आहे. तथापि, चिंता हे या आजाराचे एकमेव किंवा मुख्य कारण मानता येत नाही. चिंता करणारा माणूस कमी झोपतो, जास्त सिगारेट ओढतो, व्यायाम टाळतो, गोळ्या विसरतो, आणि या वाटेनेही दाब वाढतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उच्च रक्तदाबाला बहुधा कोणतेही लक्षण नसते. डोके दुखणे, चक्कर येणे, राग येणे यांवरून आपला दाब ओळखता येतो, हा समज चुकीचा आहे. लक्षणे नसतानाच हा दाब हृदय, मेंदू, मूत्रपिंडे आणि डोळ्यांतील नेत्रपटल यांना वर्षानुवर्षे इजा करीत राहतो. म्हणूनच 'मला काही त्रास होत नाही, मग गोळी कशाला?' हा प्रश्न या आजारात गैरलागू ठरतो.

डॉक्टरांसमोर चढणारा दाब

दवाखान्यात शिरताच अनेकांचा दाब वाढतो. इटलीतील मिलान येथे ज्युसेप्पे मान्चिया व सहकाऱ्यांनी १९८३ साली एक उद्‌बोधक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी रुग्णांच्या धमनीत नळी बसवून दाबाची अखंड नोंद घेतली. डॉक्टर खोलीत येऊन दाब मोजू लागताच पहिल्या चार मिनिटांत वरचा आकडा सरासरी सुमारे २७ मिलिमीटरने वाढत असल्याचे त्यांना आढळले. काही वेळाने तो पुन्हा उतरू लागे. या प्रकाराला 'व्हाइट कोट' परिणाम असे म्हणतात. ज्यांचा दाब केवळ दवाखान्यातच वाढलेला असतो, घरी नाही, त्यांना सरसकट आयुष्यभराच्या गोळ्या सुरू करणे योग्य नसते. मात्र त्यांच्यावर लक्ष ठेवणे आवश्यक असते, कारण पुढे त्यांच्यापैकी काहींना खरोखरीचा उच्च रक्तदाब होतो.

याच्या नेमका उलटा प्रकारही असतो. दवाखान्यात दाब ठीक, पण घरी किंवा कामाच्या ठिकाणी वाढलेला. हा 'झाकलेला' उच्च रक्तदाब अधिक धोकादायक, कारण तो नजरेतून निसटतो.

त्यामुळे चिंताग्रस्त व्यक्तीच्या बाबतीत एका मोजणीवरून निष्कर्ष काढता कामा नये. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या मोजण्या १४०/९० किंवा त्याहून अधिक येत असतील तर उच्च रक्तदाब आहे असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अमेरिकेतील हृदयरोग संस्थांनी २०१७ मध्ये ही मर्यादा १३०/८० पर्यंत खाली आणली. घरी घेतलेल्या मोजण्यांची सरासरी १३५/८५ च्या आत असावी, असा संकेत आहे. शंका राहिल्यास चोवीस तास दंडाला यंत्र बांधून दर काही मिनिटांनी दाब नोंदविण्याची तपासणी करता येते. झोपेतील दाबही तीत कळत असल्यामुळे चिंतेचा प्रभाव वेगळा काढण्यास ती फार उपयोगी पडते.

घरी दाब मोजताना पुढील गोष्टी पाळाव्यात. मनगटावरच्या यंत्रापेक्षा दंडावर पट्टा बांधण्याचे यंत्र घ्यावे आणि पट्टा दंडाच्या घेराला साजेसा असावा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू व व्यायाम टाळावा. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवावा. मोजताना बोलू नये. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. असे सकाळी व संध्याकाळी सात दिवस करून पहिल्या दिवसाचे आकडे वगळावेत व उरलेल्यांची सरासरी काढावी.

येथे चिंताविकाराच्या रुग्णांना एक सूचना द्यावीशी वाटते. दिवसातून दहा-पंधरा वेळा दाब मोजण्याची सवय लागली असेल तर ती मोडली पाहिजे. प्रत्येक वाढलेला आकडा भीती वाढवतो आणि भीती पुढचा आकडा वाढवते. अशा वेळी डॉक्टरांशी बोलून मोजण्याचे दिवस व वेळा ठरवून घ्याव्यात आणि एरवी यंत्र कपाटात ठेवावे.

सर्पगंधेचा धडा

मन आणि रक्तदाब या दोहोंवर एकच औषध असावे, ही कल्पना जुनी आहे. तिच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण मुंबईत घडले. सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्यांना फार पूर्वीपासून परिचित होती. कोलकात्याच्या सेन व बोस या डॉक्टरांनी १९३१ साली मानसिक विकार आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींत तिच्या मुळांचा उपयोग होत असल्याचे लिहिले. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरील आपले निरीक्षण १९४९ मध्ये ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना देऊन पाहिले. १९५७ सालच्या लास्कर पुरस्काराने रक्तदाबावरील कामासाठी डॉ. वकील यांचा आणि मनोविकारांवरील कामासाठी क्लाइन यांचा एकाच वर्षी गौरव झाला.

रिसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेली नॉरअ‍ॅड्रेनलिनसारखी रासायनिक द्रव्ये रिकामी करते. त्यामुळे दाब उतरतो आणि मनही मंदावते. परंतु काही रुग्णांना, विशेषतः मोठ्या मात्रेत, औदासीन्य येत असल्याच्या नोंदी होऊ लागल्या. सुस्ती, नाक चोंदणे हे त्रास होतेच. पुढे दोन्ही क्षेत्रांत अधिक नेमकी औषधे आली आणि रिसर्पिन मागे पडले. आजही सर्पगंधेच्या गोळ्या 'मन शांत करणाऱ्या, दाब उतरवणाऱ्या' म्हणून स्वतःच्या मनाने घेणारे आढळतात. नेहमीच्या औषधांबरोबर त्या घेतल्यास दाब व नाडी प्रमाणाबाहेर उतरू शकते. वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक, असे समजू नये. ज्येष्ठमधाचे उदाहरणही लक्षात ठेवण्याजोगे आहे. खोकल्यासाठी ते दीर्घकाळ व भरपूर घेतल्यास शरीरातील पोटॅशियम घटून रक्तदाब वाढतो.

रक्तदाबाची औषधे

सध्या वापरात असलेल्या औषधांचे प्रमुख गट थोडक्यात असे.

अ‍ॅम्लोडिपिनसारखी औषधे रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत कॅल्शियम जाऊ देत नाहीत, त्यामुळे वाहिन्या सैलावतात. घोट्यांवर सूज येणे हा त्यांचा नेहमी आढळणारा दुष्परिणाम. एनालप्रिल, रॅमिप्रिल ही औषधे वाहिन्या आकुंचित करणाऱ्या संप्रेरकाची निर्मिती रोखतात. त्यांनी काहींना कोरडा खोकला सुरू होतो. अशांना टेल्मिसार्टन, लोसार्टन ही औषधे दिली जातात. या दोन्ही गटांतील औषधे गरोदरपणात गर्भाला अपाय करतात, म्हणून गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी डॉक्टरांना ते आधीच सांगितले पाहिजे. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड ही औषधे लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर टाकतात. त्यांच्यामुळे रक्तातील सोडियम व पोटॅशियम कमी होऊ शकते. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर गटातील औषधे हृदयाचा वेग कमी करतात.

पुष्कळ रुग्णांना एका औषधाने भागत नाही. एका औषधाची मात्रा खूप वाढवण्यापेक्षा दोन औषधे कमी मात्रेत एकाच गोळीत देणे अनेकदा अधिक गुणकारी व कमी त्रासाचे ठरते. 'दोन औषधे दिली म्हणजे आजार फार बळावला' असे मानून घाबरण्याचे कारण नाही.

ही औषधे तातडीने आराम देणारी नव्हेत. अ‍ॅम्लोडिपिनची रक्तातील पातळी स्थिरावण्यास साधारण आठवडा लागतो. त्यामुळे आज गोळी घेऊन उद्या आकडा तपासणे आणि निराश होणे योग्य नाही. गोळी सकाळी घ्यावी की रात्री, असाही प्रश्न वारंवार विचारला जातो. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सकाळ किंवा संध्याकाळ यांत हृदयविकार व पक्षाघाताच्या दृष्टीने फरक दिसला नाही. जी वेळ विसरली जाणार नाही, ती वेळ उत्तम.

चिंताविकाराची औषधे

रोजच्या काळज्यांना औषध लागत नाही. पण काळजी महिनोन्‌महिने आवरत नाही, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही, अचानक मरणभय वाटून धडधड व गुदमरल्यासारखे झटके येतात, माणूस गर्दीत किंवा प्रवासाला जाणे टाळू लागतो, तेव्हा तो आजार असतो आणि त्यावर उपचार आहेत.

औषधांचे दोन प्रकार समजून घेणे महत्त्वाचे आहे. पहिला प्रकार रोज, नियमितपणे घ्यावयाच्या औषधांचा. एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन ही औषधे मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्याच्या कार्यावर परिणाम करतात. त्यांचा गुण येण्यास दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता किंवा चिंता थोडी वाढल्यासारखीही वाटू शकते. नेमके याच काळात अनेक जण 'औषध बाधले' म्हणून ते सोडून देतात. कमी मात्रेपासून सुरुवात केल्यास हा त्रास बराच टळतो. ही औषधे नशेच्या अर्थाने सवय लावत नाहीत. बरे वाटू लागल्यावरही ती सहसा सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावी लागतात आणि नंतर हळूहळू कमी करावी लागतात.

दुसरा प्रकार तात्काळ गुण देणाऱ्या औषधांचा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, लोराझेपाम ही या गटातील परिचित नावे. या गटातले पहिले औषध १९६० मध्ये आणि डायझेपाम १९६३ मध्ये बाजारात आले. या गोळ्यांनी अर्ध्या-पाऊण तासात मन निवते आणि हीच त्यांची गोम आहे. काही आठवड्यांच्या नियमित वापरानंतर शरीराला त्यांची सवय लागते, तेवढ्याच मात्रेचा परिणाम कमी होतो आणि गोळी एकदम बंद केल्यास चिंता, निद्रानाश, कंप आणि क्वचित फेफरे येऊ शकते. या काळात रक्तदाबही वाढतो, आणि मग 'गोळी सोडली की बीपी वाढते' असा गैरसमज पक्का होतो. वृद्धांमध्ये तोल जाऊन पडण्याचा व विसराळूपणाचा धोका असतो. मद्याबरोबर किंवा वेदनाशामक अफूजन्य औषधांबरोबर या गोळ्या घेतल्यास श्वसन मंदावून प्राणावर बेतू शकते.

म्हणूनच अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या औषधांचा समावेश मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' या अनुसूचीत करण्यात आला. त्यानुसार औषधविक्रेत्याने डॉक्टरांची चिठ्ठी पाहूनच ती द्यायची आणि डॉक्टर, रुग्ण व औषधाची मात्रा यांची नोंद तीन वर्षे जपायची असते. ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीविना मिळणारी पट्टी ही सोय नसून जोखीम आहे.

चिंतेची गोळी घेतल्यावर दाब काही वेळ उतरलेला दिसतो हे खरे. पण तो चिंतेमुळे वाढलेला भाग उतरतो. उच्च रक्तदाबाचा मूळ आजार जागच्या जागीच राहतो. अनेक वर्षे केवळ झोपेच्या गोळीवर 'बीपी कंट्रोल' करणाऱ्या व्यक्तीची मूत्रपिंडे आतून झिजत राहू शकतात.

दोन्हींवर चालणारे औषध आहे का?

बीटा ब्लॉकर गटाविषयी हा प्रश्न रास्त आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी अ‍ॅड्रेनलिनचा हृदयावरील परिणाम रोखणारे प्रोप्रानोलॉल १९६० च्या दशकात विकसित केले. त्यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. भाषण, मुलाखत किंवा गायनाच्या कार्यक्रमापूर्वी होणारी धडधड व हातांचा कंप या औषधाने कमी होतो. पण ते मुख्यतः शरीरातील लक्षणे आवरते. मनातील सततची काळजी त्याने जात नाही. दुसरीकडे, अन्य कारण नसेल तर रक्तदाबासाठीही हा गट आता बहुतेक मार्गदर्शक सूत्रांत पहिल्या पसंतीचा राहिलेला नाही. हृदयविकार असलेल्यांना किंवा ज्यांची नाडी जलद चालते अशांना त्याचा विशेष लाभ होतो. दम्याच्या रुग्णांना प्रोप्रानोलॉल देऊ नये, कारण श्वासनलिका आवळल्या जातात. मधुमेहात साखर उतरल्याची धडधड हे औषध झाकून टाकते. थोडक्यात, एकाच गोळीत दोन्ही आजारांची सोय पाहण्याचा मोह टाळावा.

औषधे एकत्र घेताना

मानसोपचारतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ यांच्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या असतात आणि बऱ्याचदा एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दाखवली जात नाही. मानसिक आजाराचा संकोच हे त्याचे मोठे कारण. हा संकोच महागात पडू शकतो. काही उदाहरणे पाहा.

वेन्लाफॅक्सिन हे चिंतेवरील प्रभावी औषध मोठ्या मात्रेत काहींचा रक्तदाब वाढवते. ते सुरू करताना व मात्रा वाढवताना दाब मोजत राहावा लागतो. सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारखी औषधे आणि लघवी वाढवणारी औषधे एकत्र घेणाऱ्या वृद्धांच्या रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या घटू शकते. थकवा, गोंधळल्यासारखे वाटणे, तोल जाणे अशी लक्षणे दिसल्यास रक्ततपासणी करावी. फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन घेत असताना मेटोप्रोलॉलची रक्तातील पातळी वाढून नाडी फार मंदावू शकते. अंगदुखीसाठी वरचेवर घेतली जाणारी आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक ही औषधे दाब वाढवतात, शिवाय सेरोटोनिनवरील औषधांबरोबर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यताही वाढवतात. सर्दीच्या काही गोळ्यांतील नाक मोकळे करणारे घटक दाब आणि धडधड दोन्ही वाढवतात.

याचा अर्थ ही औषधे एकत्र देताच येत नाहीत असा नव्हे. योग्य देखरेखीखाली दोन्ही आजारांची औषधे असंख्य रुग्ण सुरक्षितपणे घेतात. अट एवढीच की, प्रत्येक डॉक्टरला संपूर्ण यादी माहीत असली पाहिजे. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक आणि स्वतः आणलेली औषधेही त्या यादीत असावीत.

एकाएकी दाब वाढला तर?

रात्री अकरा वाजता घाबरल्यासारखे झाले, यंत्र लावले आणि आकडा १८०/११० आला. अशा वेळी घरात धावपळ उडते. प्रथम पाहावे ते लक्षणांकडे. छातीत दुखणे, धाप लागणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, दृष्टी जाणे, असह्य डोकेदुखी किंवा भ्रम यांपैकी काहीही असल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात जावे. छातीतील दुखणे 'चिंतेमुळेच असेल' असा निष्कर्ष घरी काढू नये. विशेषतः पहिल्यांदाच तसा त्रास होत असेल तर हृदयाचा आलेख काढून घेतलाच पाहिजे.

असे कोणतेही लक्षण नसेल तर शांत बसावे, संथ श्वास घ्यावेत आणि काही वेळाने पुन्हा मोजावे. पुष्कळदा आकडा बराच उतरलेला असतो. त्या दिवशीची गोळी राहिली असेल तर ती घ्यावी. दुप्पट गोळी घेऊ नये. दाब चढाच राहिला तर डॉक्टरांशी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संपर्क साधावा.

जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडून दाब झटकन उतरवण्याची पद्धत एकेकाळी फार प्रचलित होती. दाब एकदम कोसळून मेंदूचा व हृदयाचा रक्तपुरवठा तुटतो आणि पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, हे लक्षात आल्यावर १९९० च्या दशकात तज्ज्ञांनी ती थांबवण्याचा इशारा दिला. घरात तसा उपाय कुणी सुचवला तर तो करू नये. वर्षानुवर्षे वाढलेला दाब अर्ध्या तासात उतरवण्याची गरज नसते.

धडधड, भरपूर घाम आणि डोकेदुखी असे झटके वारंवार येऊन त्याच वेळी दाब खूप वाढत असेल तर अधिवृक्क ग्रंथीतील एक दुर्मिळ गाठ नाही ना, हे तपासावे लागते. थायरॉइडचा अतिस्राव आणि घोरण्याबरोबर झोपेत श्वास अडखळणे हे विकारही चिंता व रक्तदाब यांचे सोंग घेऊन येतात. त्यांवर उपचार झाल्यास दोन्ही तक्रारी कमी होऊ शकतात.

गोळी कधी सोडावी?

चिंताविकाराची गोळी बहुतेकांच्या बाबतीत कधी ना कधी थांबवता येते. रक्तदाबाची गोळी बहुतेकांना दीर्घकाळ चालू ठेवावी लागते. हा फरक मनात स्पष्ट असावा. गोळी घेत असताना दाब योग्य येतो, तो गोळीमुळे. चष्मा लावल्यावर स्पष्ट दिसू लागले म्हणून चष्मा कुणी फेकून देत नाही. वजन बरेच घटवले, मीठ कमी केले, नियमित व्यायाम सुरू केला, तर काहींची मात्रा कमी होते, क्वचित गोळी थांबतेही. पण तो निर्णय मोजण्यांच्या आधारे डॉक्टरांनी घ्यावयाचा असतो.

काही औषधे एकाएकी बंद करणे विशेष धोक्याचे असते. क्लोनिडिन आणि बीटा ब्लॉकर अचानक सोडल्यास दाब व नाडी उसळतात. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांविषयी वर सांगितलेच आहे. उपवास, प्रवास, लग्नसमारंभ किंवा घरातील आजारपण यांत औषधे संपून जाणार नाहीत, याची तजवीज आधीच करावी.

औषधांबरोबर आणखी काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण एक चमचाभर मीठ पुरेसे आहे. आपल्या ताटातील पापड, लोणचे, चटण्या, फरसाण आणि पानात वरून घेतलेले मीठ यांचा हिशेब केला तर ही मर्यादा किती सहज ओलांडली जाते ते ध्यानात येईल. आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालणे दाब आणि चिंता या दोहोंवर गुणकारी आहे. तंबाखू पूर्णपणे आणि मद्य शक्य तेवढे टाळावे. चिंता घालवण्यासाठी संध्याकाळी घेतलेला पेला रात्रीची झोप आणि सकाळचा दाब दोन्ही बिघडवतो. योगासने, श्वसनाचे अभ्यास यांची जोड अवश्य द्यावी, पण सुरू असलेल्या गोळीच्या बदली नव्हे.

चिंताविकारात विचारांना वळण लावणारी समुपदेशन पद्धती औषधांच्या तोडीची ठरते आणि तिचा परिणाम उपचार थांबल्यावरही टिकतो. ज्यांना तज्ज्ञांपर्यंत जाणे अवघड वाटते, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्याव्यात: घरच्या मोजण्यांची सरासरी, सर्व औषधांची नावे व मात्रा, कोणती गोळी किती वेळा चुकली, आणि मनाचा जो त्रास होत असेल तो. यांतील शेवटची गोष्ट सांगायला सर्वांत कठीण जाते. पण ती सांगितली गेली तरच वाढलेल्या आकड्यातला मनाचा वाटा किती आणि धमन्यांचा किती, हे डॉक्टरांना ठरवता येते आणि योग्य औषध योग्य आजाराला मिळते.